तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण?

मीरा-भाईंदर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर



भाईंदर स्थानकाच्या फलाटावर रात्री अकराच्या सुमारास नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा एकटाच बसला आहे, अशी क्षणभर कल्पना करावी. कोठून आला हे तो सांगत नाही, कोठे जायचे हे त्याला ठाऊक नाही. घरकामे आटोपून परतणारी एक बाई त्याच्यापाशी थांबते. मुलासाठी काहीतरी करावे असे तिला मनापासून वाटते. पण नेमके काय करावे हे तिला कोणी सांगितलेले नाही. मुलगा फलाटावर आहे तोवर तो लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत. जिना उतरून रस्त्यावर आला की तो मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. कायद्याप्रमाणे त्याला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावयाचे. ती समिती जिल्ह्याची. त्याला ताप असेल तर रुग्णालय आणखी वेगळ्या खात्याचे. मुलगा एकच, पण त्याची जबाबदारी एकमेकांवर ढकलू शकतील अशी कार्यालये चार. आणि या साऱ्याच्या समोर त्या बाईच्या हाती आहे तो केवळ एक फोन.

अडचणीत सापडलेल्या माणसाला योग्य त्या सेवेशी जोडून देणारी दूरध्वनी सेवा, जिला आता सर्वत्र हेल्पलाईन म्हणतात, ती या अशा क्षणासाठी जन्माला आली. तिचा विचार बहुधा यंत्रांच्या अंगाने केला जातो. किती फोन आले, किती सेकंदांत उचलले, किती तक्रारी निकाली निघाल्या, हे अहवालांत लिहिलेले असते. समाजवादी कार्यकर्त्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? तेथे केवळ एक आवाज आहे, की काम करण्यास बांधलेला माणूस आहे?

माहितीची किंमत

हा प्रश्न मीरा-भाईंदरसारख्या शहरात विशेष तीव्रतेने उभा राहतो. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. महानगरपालिका स्थापन झाली ती २००२ मध्ये. म्हणजे माणसे आधी आली आणि शासन मागाहून आले. उत्तनचे कोळी, मिठागरांतील मजूर, काशीमिऱ्याकडील पाड्यांवरचे आदिवासी हे येथील मूळचे श्रमिक. त्यांच्या भोवती, मुंबईत घर परवडत नाही म्हणून दहिसरचा नाका ओलांडून आलेले चाकरमाने, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांवर काम करणारे कारागीर आणि सकाळी नाक्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर यांचे हे शहर वाढले.

या शहराचे प्रशासकीय शरीर मात्र एकसंध नाही. जिल्हा ठाणे, पण टेलिफोनचा विभागीय क्रमांक मुंबईचाच, ०२२. पोलीस आयुक्तालय २०२० मध्ये स्थापन झाले, ते वसई-विरारसह. आणि वसई-विरार २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. पाणी स्टेम प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून येते, वीज खासगी कंपनी देते. जिल्ह्याची बहुतेक मुख्य कार्यालये ठाण्यात. आणि भाईंदरहून ठाण्याला रेल्वेने जायचे तर सामान्यतः दादरला उतरून गाडी बदलावी लागते, नाहीतर घोडबंदर रस्त्याच्या गर्दीत बसमध्ये उभे राहावे लागते.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ग्राहकाला सर्व माहिती आहे असे गृहीत धरून पुढचा विचार केला जातो. गरिबाच्या जीवनात या गृहीतकाची किंमत रोख मोजावी लागते. कोणत्या खिडकीवर जायचे, कोणता कागद लागतो, साहेब कोणत्या दिवशी भेटतात, एवढे समजण्यासाठी नाका-कामगाराचा एक दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही जाते. दुसऱ्या दिवशी कागद अपुरा निघाला की आणखी एक मजुरी जाते. सुखवस्तू माणसाला हीच माहिती एखाद्या ओळखीच्या अधिकाऱ्याकडून, वकिलाकडून किंवा डॉक्टर मित्राकडून फुकट मिळते. तात्पर्य, माहिती ज्याला सर्वांत कमी परवडते त्यालाच ती सर्वांत महाग पडते.

जेथे अशी टंचाई असते तेथे दलाल उभा राहतो. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बांधकाम मजुराची नोंदणी, यांपैकी प्रत्येकाभोवती एजंटांचे वर्तुळ आहे. एजंट सेवा निर्माण करीत नाही. सेवा कोठे आहे एवढेच तो जाणतो आणि ते जाणणे विकतो. हेल्पलाईनचे मूळ महत्त्व येथे आहे. खासगी मालमत्ता बनलेली माहिती ती सार्वजनिक करते. या अर्थाने ती समाजवादी विचाराशी सुसंगत अशी संस्था आहे.

धर्मादाय रुग्णालयांचे उदाहरण घ्यावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या आहेत. भाईंदरहून मुंबईच्या रुग्णालयांकडे धावणाऱ्या किती कुटुंबांना हे ठाऊक असते? खाट आहे, कायदा आहे, रुग्णही आहे; त्यांची गाठ घालून देणारे कोणी नाही. गाठ पडत नाही तोवर तो हक्क कागदावरचा असतो.

कल्पनेचा प्रवास

संकटात फिरवावयाच्या एका क्रमांकाची कल्पना एका दुर्घटनेतून पुढे आली. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने टेलिफोन केला होता; पण तो एक्स्चेंजमध्ये रांगेत अडकून पडला. त्या प्रकरणातून १९३७ मध्ये ९९९ हा क्रमांक लंडनमध्ये सुरू झाला. दुसरे महायुद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, ब्रिटनमध्ये सुमारे दोनशे नागरिक सल्ला केंद्रे उघडली गेली. कुटुंबे पांगलेली, रेशन नवे, नियम रोज बदलणारे. अशा वेळी सामान्य माणसाला त्याच्या हक्काची वाट दाखविणे हे युद्धाइतकेच तातडीचे काम मानले गेले. अमेरिकेत अटलांटा शहरात १९९७ मध्ये २११ हा क्रमांक सुरू झाला आणि २००० मध्ये तेथील संघराज्य दूरसंचार आयोगाने तो सामाजिक सेवांसाठी देशभर राखून ठेवला. अन्न, निवारा, थकलेले वीजबिल, म्हाताऱ्या आईची शुश्रूषा, अशा आग किंवा गुन्हा यांत न मोडणाऱ्या दैनंदिन संकटांसाठी तो आहे.

या तिन्ही उदाहरणांत एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ९९९ च्या मागे आगीचा बंब होता. सल्ला केंद्राच्या मागे पुढे उभे राहिलेले कल्याणकारी राज्य होते. २११ च्या मागे मात्र मुख्यतः धर्मादाय संस्थांची यादी आहे. यादीतल्या संस्थेकडे पैसा उरला नसेल तर फोन उचलणारा सहानुभूतीपलीकडे फारसे काही देऊ शकत नाही. म्हणजे तार एकच, पण तिच्या दुसऱ्या टोकाला काय आहे यावर तिचा अर्थ ठरतो.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्यामागे ९३७ रुग्णवाहिका उभ्या करण्यात आल्या. त्या सेवेच्या उणिवांवर बरेच बोलता येईल. परंतु त्या तीन अंकांना अर्थ आला तो गाड्यांमुळे, चालकांमुळे आणि डॉक्टरांमुळे. केवळ क्रमांकामुळे नव्हे.

दहा-नऊ-आठ

या क्षेत्रातील भारतातील सर्वांत मोलाचा प्रयोग मुंबईत झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावर आणि रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांत काम करीत. त्यांनी मुलांना आपल्या घरचा टेलिफोन क्रमांक दिला होता आणि मुले अडचणीत सापडली की रात्री-अपरात्री फोन करीत. या अनुभवातून जून १९९६ मध्ये संस्थेचा एक क्षेत्रीय प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली. क्रमांक १०९८. लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांना तो उतरत्या क्रमाने लक्षात राही: दस, नौ, आठ. खिशात नाणे नसले तरी सार्वजनिक टेलिफोनवरून तो फिरविता येत असे.

या प्रयोगाचे मर्म टेलिफोनमध्ये नव्हते. रस्त्यावर वाढलेले तरुणच त्या कामात कार्यकर्ते म्हणून सामील होते. फोन आला की एका तासाच्या आत कोणीतरी प्रत्यक्ष मुलापर्यंत पोहोचावे, हा दंडक होता. प्रत्येक शहरात आधीच काम करणाऱ्या संस्थांना एकमेकींशी जोडले गेले. रेल्वे, पोलीस, रुग्णालये यांच्याशी सतत बोलणे ठेवले गेले. १९९९ मध्ये केंद्र शासनाच्या पुढाकाराने चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन ही समन्वयाची संस्था उभी राहिली आणि पुढील दोन दशकांत ही सेवा पाचशेहून अधिक जिल्ह्यांत आणि शंभराहून अधिक रेल्वे स्थानकांवर पसरली.

तेथील एक अनुभव सर्वांनी ध्यानात घ्यावा असा आहे. येणाऱ्या फोनांत मोठी संख्या निःशब्द फोनांची असे. पलीकडे कोणीतरी आहे, श्वास ऐकू येतो, पण बोलणे नाही. आकडेमोड करणारा व्यवस्थापक याला वाया गेलेला वेळ म्हणेल. अनुभवी कार्यकर्त्याला ठाऊक असते की, यांतील काही फोन आवाज पारखून पाहणाऱ्या मुलाचे असतात. आज गप्प राहिलेले मूल चार दिवसांनी बोलते, आणि बोलते ते आधीच्या वेळी कोणी रागावून फोन ठेवला नाही म्हणून. विश्वास कोणत्याही तक्त्यात मोजता येत नाही. पण या सेवेचे खरे भांडवल तेच आहे.

शासनाने घेतलेली जबाबदारी

केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०९८ ही सेवा राज्य शासनांच्या महिला व बालविकास विभागांकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षांकडे सोपविण्याचे ठरले. ती ११२ या आणीबाणीच्या राष्ट्रीय क्रमांकाच्या यंत्रणेशी जोडण्यात आली. २०२३ पासून हे हस्तांतर टप्प्याटप्प्याने घडले. सत्तावीस वर्षे स्वयंसेवी संस्थांनी वाढविलेले काम शासनाच्या हाती गेले आणि त्या संस्थांतील अनेक कार्यकर्त्यांपुढे रोजगाराचा प्रश्न उभा राहिला.

या घटनेकडे समाजवाद्यांनी कसे पाहावे? शासनाने हात घातला की सारे बिघडते, हा उदारमतवादी बाजारपेठेचा आवडता सिद्धांत आहे. तो मान्य करण्याचे कारण नाही. उलट, बालकाचे संरक्षण हे देणगीदारांच्या मर्जीवर चालावे, हीच लाजिरवाणी गोष्ट होती. देणगी आटली की संस्था बंद होते. शासनाला मात्र बालकाचा प्रश्न बंद करता येत नाही. त्या दृष्टीने शासनाने जबाबदारी स्वीकारणे हे तत्त्वतः स्वागतार्हच मानले पाहिजे.

परंतु जबाबदारी स्वीकारणे आणि क्रमांक ताब्यात घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत. घरातून पळालेले, मार खाल्लेले, काम करताना पकडले जाऊ या भीतीने दडलेले मूल पोलिसांना मित्र समजत नाही. त्याच्या फोनची वाट पोलिसी यंत्रणेच्या जवळून जाऊ लागली की ते मूल दुसऱ्यांदा फोन करील का, हा प्रश्न बालहक्क कार्यकर्त्यांनी विचारला आणि तो रास्त आहे. आणीबाणीखेरीज इतर फोन बालविकास विभागाच्या कक्षाकडेच जातील, अशी व्यवस्था असल्याचे शासनाचे म्हणणे आहे. त्याची कसोटी दिल्लीत किंवा मंत्रालयात लागावयाची नाही. ती भाईंदरच्या फलाटावर लागेल. तेथे रात्री अकरा वाजता कोण येते, किती वेळात येते, आणि येणाऱ्याचा पगार वेळेवर होतो का, एवढे पाहिले की पुरे.

पगाराचा मुद्दा गौण नाही. तारेच्या टोकाशी जी माणसे उभी असतात त्यांना शासन कसे वागविते, हे अंगणवाडीच्या उदाहरणावरून दिसते. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सुरू केलेला बेमुदत संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. ज्यांच्या हातून बालकापर्यंत पोषण पोहोचते त्या बायकांना वेतन नव्हे तर मानधन मिळते. हेल्पलाईनवर बोलणारी तरुण मुले-मुलीही बहुधा कंत्राटी असतात. स्वतः असुरक्षित असलेल्या माणसाने दुसऱ्याला सुरक्षिततेचा दिलासा द्यावयाचा, अशी ही विसंगती आहे.

टाळेबंदीची परीक्षा

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा देशातील सर्व हेल्पलाईनींची एकदम परीक्षा झाली. शासनाने क्रमांक जाहीर केले होते. तरीही स्थलांतरित कामगारांसाठी काही स्वयंसेवकांनी ‘स्वान’ या नावाने आपसात जाळे उभारले आणि अडकलेल्या मजुरांचे फोन घेण्यास आरंभ केला. एप्रिलच्या मध्यावर त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्याशी संपर्क झालेल्या ११,१५९ कामगारांच्या माहितीवर तो आधारलेला होता, आणि त्यातील ९६ टक्क्यांना शासनाकडून शिधा मिळालेला नव्हता.

या स्वयंसेवकांनी दोन कामे केली. पहिले काम तातडीचे, म्हणजे कोणाला दोनशे-पाचशे रुपये पाठविणे, कोणाला जवळचे अन्नछत्र दाखविणे. दुसरे काम अधिक दूरगामी ठरले. त्यांनी प्रत्येक फोन लिहून ठेवला, त्यांची बेरीज केली आणि ती देशापुढे मांडली. धान्याची कोठारे भरलेली असताना मजूर उपाशी आहे, हे सत्य त्या बेरजेने सिद्ध केले. स्थलांतरितांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होताच. जून २०२१ मध्ये न्यायालयाने ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही योजना सर्व राज्यांनी ३१ जुलैपूर्वी अमलात आणावी, असा आदेश दिला. केवळ फोन उचलल्याने एवढे घडत नाही. फोनांची नोंद जनतेच्या मालकीची झाली की असा दबाव उभा राहतो.

एकट्याचा फोन

हेल्पलाईनचा सर्वांत मोठा धोका नेमका येथे आहे, आणि तो क्वचितच बोलला जातो. टेलिफोन माणसाला एकटे करतो. एका चाळीतील चाळीस घरांचे पाणी बंद झाले की चाळीस फोन जातात, चाळीस तक्रार क्रमांक मिळतात आणि चार दिवसांनी ‘तक्रार निकाली’ असे चाळीस संदेश येतात. पाणी आलेले नसते. प्रत्येकाला वाटते, आपल्यापुरतेच काहीतरी चुकले असावे. शेजारच्या घरालाही तोच संदेश आला आहे, हे त्याला कळत नाही.

येथून काही स्थानके अलीकडे, गोरेगावात, मृणाल गोरे यांनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला होता. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले. त्यांनी काय केले? एकेका घराच्या कोरड्या हंड्याची गोष्ट त्यांनी साऱ्या वस्तीची गोष्ट केली. एका बाईची कुरकुर ही कुरकुर असते. शेकडो बायका रस्त्यावर आल्या की तीच कुरकुर मागणी होते, आणि मागणीला शासनाला उत्तर द्यावे लागते. हेल्पलाईन जर या प्रक्रियेला पर्याय म्हणून वापरली गेली, तर ती शासनाच्या सोयीची आणि लोकांच्या तोट्याची ठरते. असंतोष एकेका कानात विरून जातो.

मीरा-भाईंदरमध्ये या धोक्याचा अनुभव ताजा आहे. महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. दार ठोठवावे असा नगरसेवक नव्हता, प्रश्न विचारावा असे सभागृह नव्हते. अशा काळात नागरिकाला तक्रारीच्या क्रमांकाकडे बोट दाखविणे सोपे असते. परंतु क्रमांक हा लोकप्रतिनिधीची जागा घेऊ शकत नाही. क्रमांकाला मत देता येत नाही आणि त्याला पाडताही येत नाही.

पोच, मुदत, हिशेब

मग उपाय काय? उपाय शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या त्या योजनेचा पुढे कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कायद्याचे सामर्थ्य कशात होते? मजुराने काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यावयाचे; न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. म्हणून ग्रामीण भागातील कार्यकर्ता मजुरांना पहिली गोष्ट शिकवीत असे ती ही, की अर्ज दिल्यावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोच हाती असली की मजूर याचक राहत नाही. तो दावेदार होतो.

हेच तत्त्व हेल्पलाईनला लावले पाहिजे. प्रत्येक फोनाला पोच हवी, आणि त्या पोचेवर जबाबदार कार्यालयाचे आणि पदाचे नाव हवे. प्रत्येक प्रकारच्या कामाला मुदत हवी. ‘निकाली’ हा शेरा फोन करणाऱ्याच्या संमतीवाचून लिहिला जाता कामा नये. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात मुदत आहे, अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. पण त्याचा व्यवहारातला भर दाखले आणि परवाने यांवर आहे. फलाटावरच्या मुलाला रात्रीचा आसरा, घराबाहेर काढलेल्या वृद्धेला निवारा, मारहाण झालेल्या स्त्रीला संरक्षण, या गोष्टी दाखल्याइतक्याही हक्काच्या मानल्या जाऊ नयेत काय?

चौथी मागणी जाहीर हिशेबाची. दर महिन्याला प्रभागवार एक तक्ता महानगरपालिकेच्या प्रत्येक कार्यालयाबाहेर लावला जावा. किती फोन आले, कशासाठी आले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती फोनांना देण्याजोगी सेवाच अस्तित्वात नव्हती. फोन करणाऱ्याचे नाव त्यात असू नये. गरज मात्र असावी. अमेरिकेत २११ च्या फोनांची अशी विभागवार गोळाबेरीज काही भागांत लोकांपुढे ठेवली जाते. नियोजनाचा विद्यार्थी जाणतो की बाजारात मागणी पैशाच्या रूपाने व्यक्त होते, आणि ज्याच्यापाशी पैसा नाही त्याची गरज बाजाराला ऐकू येत नाही. हेल्पलाईनची वही हे गरिबाची गरज नोंदविण्याचे एक साधन आहे. अर्थसंकल्पाच्या आधी ती सभागृहात वाचली गेली पाहिजे.

कार्यकर्त्याचे काम

आज नागरिकापुढे क्रमांकांची उणीव नाही. पोलीस आणि आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी १४४१६, मोफत कायदेविषयक मदतीसाठी १५१००. हे पाठ करणे शिकलेल्या माणसालाही जड जाते. म्हणून पक्षाच्या प्रत्येक शाखेने हे क्रमांक मराठी, हिंदी आणि आपल्या वस्तीतील इतर भाषांत मोठ्या अक्षरांत लिहून नाक्यावर, रेशन दुकानापाशी आणि स्थानकाच्या जिन्यापाशी परवानगीने लावावेत. हे पहिले काम, आणि सर्वांत सोपे.

दुसरे काम अधिक कष्टाचे. शाखेत एक वही असावी. वस्तीतील कोणी कोणत्या क्रमांकावर, कोणत्या तारखेला, कशासाठी फोन केला आणि पुढे काय झाले, हे त्याच्या संमतीने त्या वहीत लिहावे. बांधकाम मजुराला नोंदणीसाठी वर्षातील नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. फोनवर हे कळते, पण ठेकेदार दाखला देत नाही तेव्हा फोन मुका होतो. तेथे कार्यकर्त्याने मजुराबरोबर चालत गेले पाहिजे. हे चालत जाणे ज्या चळवळीने सोडले, तिच्यापाशी केवळ भाषणे उरतात.

तिसरे काम वही वाचण्याचे. महिनाअखेर दहा माणसे एकत्र बसून ती वाचतील तेव्हा त्यांना दिसेल की, आपापल्या घरात ज्या अडचणी एकेकट्याच्या वाटत होत्या त्या साऱ्या वस्तीच्या आहेत. त्या क्षणी हेल्पलाईनने एकटी पाडलेली माणसे पुन्हा एकत्र येतात, आणि तक्रारीची मागणी होते.

त्या रात्रीच्या फलाटावरची बाई शेवटी १०९८ फिरविते, असे समजू या. पलीकडून आवाज येतो. तो सौम्य असेल, अदबीने बोलेल, तिचे आभारही मानील. एवढ्याने तिचे समाधान होणार नाही आणि होऊही नये. ती मुलाशेजारी बाकावर बसून जिन्याकडे पाहत राहील. जिन्यावरून कोणीतरी खरोखर उतरून येते की नाही, एवढ्याचवरून ती शासनाची परीक्षा करील. त्या जिन्यावरून कोणीतरी उतरलेच पाहिजे, ही व्यवस्था घडवून आणणे हे मीरा-भाईंदरमधील समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.